थिजलेले शरीर संमती देत नाही

भीतीने माणसाचे शरीर थिजते. हातपाय उचलत नाहीत, वाचा बसते, डोळ्यांना सगळे दिसत असते, कानांना ऐकू येत असते, पण बोटही हलत नाही. पळणे आणि झुंजणे जितके नैसर्गिक, तितकेच हे थिजणेही नैसर्गिक आहे. तरीही पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि नात्यागोत्याच्या बैठकीत एक गृहीतक ठाण मांडून बसले आहे. खरेच संकट ओढवले असते तर माणूस ओरडला असता, त्याने ओरबाडले असते, तो जिवाच्या आकांताने धावला असता. यांतले काहीच झाले नसेल तर संकट नव्हते किंवा जे झाले ते त्याला मान्य होते, असे हे गृहीतक सांगते. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत त्याने पिढ्यानपिढ्या बायकांचा न्याय हिरावून घेतला आहे. शरीरशास्त्राच्या कसोटीवर मात्र ते क्षणभरही टिकत नाही.

या गृहीतकाच्या पाठीशी विज्ञान उभे आहे, असा समज रूढ आहे. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली वेदना, भूक, भीती आणि संताप या अवस्थांतील शारीरिक बदलांवर ग्रंथ लिहिला. ‘लढा किंवा पळा’ हे सूत्र त्यांच्या नावाने जगभर गेले आणि पाठ्यपुस्तकांत रुजले. कॅनन यांचे प्रयोग आजही वाचण्यासारखे आहेत. मांजरांच्या खाण्यात बिस्मथ मिसळून त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने जठराची हालचाल पाहिली. मांजर अस्वस्थ झाले की ती हालचाल तिथल्या तिथे थांबे. पुढे त्यांनी भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजराचे रक्त घेतले आणि त्यात आतड्याच्या स्नायूची पट्टी बुडवली. शांत मांजराच्या रक्तात लयीत आकुंचन पावत राहणारी ती पट्टी घाबरलेल्या मांजराच्या रक्तात सैल पडली. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरल्याची ती खूण होती.

या प्रयोगातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ते मांजर बांधून ठेवलेले होते. त्याला पळण्याची सोय नव्हती आणि झुंजण्याचीही नव्हती. प्रयोगात मोजले गेले ते रक्त आणि आतडे. मोकळे असते तर मांजराने काय केले असते, हे त्यातून कळणे शक्यच नव्हते. ॲड्रेनलिनमुळे यकृतातली साखर रक्तात येते, हृदयाचे ठोके जोरात पडतात, स्नायूंकडे रक्त वळते. एवढी सगळी तयारी झाल्यावर शरीर धावेल, तुटून पडेल की ताठरून जागीच राहील, याचा निकाल ॲड्रेनलिन लावत नाही. कॅनन यांनी जे मोजले ते बरोबर मोजले. चूक त्यांच्या सूत्राला मानवी प्रतिसादांची संपूर्ण यादी समजणाऱ्यांची आहे. शिवाय या विषयातले पुढचे संशोधन बहुतांशी पुरुषांवर आणि नर उंदरांवर झाले. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते याच्या १९९५ पूर्वीच्या अभ्यासांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १७ टक्के होते. ज्या सूत्राच्या आधारे बायकांचे वर्तन तोलले गेले, ते सूत्र ठरवताना बायका जवळजवळ मोजल्याच गेल्या नव्हत्या.

धोक्याच्या पहिल्या क्षणात शरीरात काय होते, ते क्रमाने पाहिले पाहिजे, कारण या वादाची गाठ तिथेच सुटते. मागे अचानक मोठा आवाज झाला की निमिषार्धात पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. हे सारे मस्तिष्कस्तंभातून चालते. आवाज कशाचा, हे कळायच्या आधीच घडून गेलेले असते. त्यानंतर शरीर थांबते. श्वास रोखला जातो, स्नायू ताणले जातात, नजर एका जागी खिळते. विशेष म्हणजे या टप्प्यावर हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावतात. अनुकंपी चेतासंस्था हृदयाला पुढे रेटत असते आणि त्याच वेळी परानुकंपी संस्थेतली व्हेगस चेता त्याला आवरून धरते. दोन्ही संस्था एकाच वेळी जोरात काम करत असतात. बाहेरून मात्र माणूस शांत उभा असलेला दिसतो, आणि पाहणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते.

हे माणसात मोजले गेले आहे. नेदरलँड्समध्ये कारिन रुलोफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना शरीराचे सूक्ष्म डोलणे टिपणाऱ्या फळीवर उभे करून चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. उभा माणूस नकळत किंचित डोलत असतो. रागीट चेहरा समोर येताच ते डोलणे कमी झाले आणि हृदयाचे ठोकेही मंदावले. प्रयोगशाळेची सुरक्षित खोली, समोर छायाचित्रातला राग, अंगाला कोणी हात लावलेला नाही. तेवढ्यानेही शरीर आखडते. कोंडलेल्या खोलीत, अंगावर माणूस असताना त्याच शरीराचे काय होत असेल, याचा विचार न्यायनिवाडा करणाऱ्याने केला पाहिजे.

थिजण्याची आज्ञा मेंदूच्या कोणत्या भागातून निघते, हेही बऱ्याच अंशी माहीत आहे. मध्यमेंदूत द्रवनलिकेभोवती करड्या चेतापेशींचा एक थर असतो. प्राण्यांमध्ये या थराचा खालचा बाजूकडील भाग उद्दीपित केला तर प्राणी थिजतो. वरचा भाग उद्दीपित केला तर तो उसळून पळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डीन मॉब्स यांच्या गटाने २००७ साली माणसांवर केलेला प्रयोग या संदर्भात मोलाचा आहे. सहभागी व्यक्ती मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात पडून पडद्यावरच्या चक्रव्यूहातून एका आभासी शिकाऱ्यापासून पळत असे. पकडले गेल्यास हाताला विजेचा झटका बसे. शिकारी दूर असताना कपाळामागचा, योजना आखणारा मेंदू अधिक कामात होता. शिकारी जवळ येऊ लागला तसतशी क्रिया मागे, मध्यमेंदूतल्या त्याच करड्या थराकडे सरकली. धोका जितका अंगाशी येतो, तितका विचार करणाऱ्या मेंदूचा अंमल ओसरतो. ‘तिने असे का नाही केले’ हा प्रश्न विचारणारा माणूस निवांत बसून, कपाळामागच्या मेंदूने विचारत असतो. ज्या शरीराला तो विचारला जातो, त्याचा कारभार त्या क्षणी दुसऱ्याच ठिकाणाहून चाललेला होता.

थिजण्याचेही सगळे प्रकार सारखे नाहीत, आणि त्यांची सरमिसळ केल्याने हा विषय आणखी गढूळ झाला आहे. वर वर्णन केलेला पहिला प्रकार सावध थिजण्याचा. तो अल्पकाळ टिकतो आणि पुढच्या हालचालीची तयारी करून देतो. दुसरा प्रकार फार वेगळा आहे. भीती पराकोटीची, सुटकेचा मार्ग बंद आणि शरीर दुसऱ्याच्या पकडीत, अशी स्थिती आली की ताठर निश्चलता येते. स्नायू आखडतात किंवा लुळे पडतात, अंग थंड पडते, थरथर सुटते, आवाज निघत नाही, वेदना बधिर होतात; शुद्ध मात्र शाबूत असते. तिसरा प्रकार भोवळ येऊन कोसळण्याचा, ज्यात रक्तदाब एकाएकी उतरतो. रक्त किंवा सुई पाहून चक्कर येणारे धडधाकट लोक प्रत्येक रुग्णालयाला माहीत असतात.

ताठर निश्चलतेची नोंद फार जुनी आहे. आथानासियस किर्चर या जेझुइट विद्वानाने १६४६ साली कोंबडीवरचा प्रयोग छापला: कोंबडीला जमिनीवर दाबून धरले आणि मग हात काढून घेतला तरी ती निपचित पडून राहते. विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. आधी विजेचा झटका दिलेली किंवा समोर पेंढा भरलेला ससाणा ठेवलेली कोंबडी अधिक वेळ निश्चल राहते, असे त्यांना आढळले. भय वाढले की निश्चलता वाढते. जो प्राणी हलत नाही तो घाबरलेला नसावा, या सर्वसामान्य तर्काच्या हे नेमके उलट आहे. निसर्गात याचा उपयोगही दिसतो. खोकडांनी पकडलेली बदके निपचित पडल्यावर काही वेळा पकड सैल होते आणि त्यांतली काही निसटतात, हे १९७०च्या दशकात अमेरिकेत पाहिले गेले. निश्चलता हा हरलेल्या शरीराचा उरलेला बचाव आहे.

कोंबडी आणि बदके यांच्यावरून माणसाबद्दल बोलू नये, असा आक्षेप येतो. त्याला माणसांचीच उदाहरणे आहेत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवासी मिशनऱ्यावर १८४४ साली दक्षिण आफ्रिकेतील माबोत्सा येथे सिंहाने झडप घातली, खांदा जबड्यात धरून त्याला गदागदा हलवले. दंडाचे हाड मोडले. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवले, की त्या क्षणी एक प्रकारची गुंगी आली. काय चालले आहे हे सगळे कळत होते, पण वेदना जाणवत नव्हती आणि दहशतही वाटत नव्हती. तो काटक होता, शिकारीवर निघालेला होता, त्याने नुकतीच बंदूक चालवली होती. सिंहाच्या जबड्यात त्याने प्रतिकार का केला नाही, असा जाब त्याला दीडशेहून अधिक वर्षांत कोणी विचारलेला नाही.

ब्राझीलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीर आघातातून गेलेल्या व्यक्तींना त्यांच्याच अनुभवाचे ध्वनिमुद्रित वर्णन ऐकवण्यात आले. आपण जागच्या जागी जखडलो असे सांगणाऱ्यांच्या शरीराचे डोलणे कमी झाले आणि हृदयाचे ठोके वाढले. सावध थिजण्यात ठोके उतरतात, इथे ते चढतात. हे दोन वेगळे प्रकार असल्याचा हा पुरावा. स्टॉकहोममधील बलात्कारपीडित स्त्रियांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात अत्याचारानंतर महिन्याच्या आत आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय ताठर निश्चलता अनुभवल्याचे सांगितले. ४८ टक्के स्त्रियांत तिचे प्रमाण अतितीव्र होते. ज्यांना हा अनुभव आला, त्यांच्यात पुढे सहा महिन्यांनी आघातोत्तर ताणविकार आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले. ही माहिती स्त्रियांनी स्वतः सांगितलेली आहे आणि ती एका शहरातल्या एका दवाखान्यातली आहे, हे लक्षात ठेवूनही तिचे वजन कमी होत नाही. प्रतिकार हा नियम आणि निश्चलता हा अपवाद, असे मानायला तिथे जागा उरत नाही.

थिजण्याचा संबंध फक्त बायकांशी किंवा लैंगिक अत्याचाराशी नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफच्या विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. त्यांपैकी पॅन ॲम कंपनीच्या विमानातून वाचलेल्यांनी सांगितले, की आग लागलेली असताना काही प्रवासी आसनावर नुसते बसून राहिले होते. २८ सप्टेंबर १९९४च्या रात्री बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ ही बोट बुडून ८५२ जण मेले. तिथेही वाचलेल्यांच्या सांगण्यात जागच्या जागी खिळलेली माणसे येतात. लँकेस्टर विद्यापीठातील जॉन लीच यांनी २००४ साली अशा वर्तनाची मीमांसा केली. अनोळखी संकटात काय करायचे याचा साचा डोक्यात तयार नसला, तर तो नव्याने घडवायला मेंदूला वेळ लागतो आणि तेवढा वेळ संकट देत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे थिजणे ताठर निश्चलतेहून वेगळे आहे, पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. आसनावर बसून राहिलेल्या त्या प्रवाशांनी जळून मरायला संमती दिली होती, असे आजवर कोणत्याही चौकशी समितीने म्हटलेले नाही. मग संमतीचा हा विचित्र अर्थ फक्त बलात्काराच्या खटल्यांतच का लावला जातो? तिथे शंका आधीच बाईवर ठेवलेली असते, एवढेच त्याचे कारण दिसते.

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे २६ मार्च १९७२च्या रात्री, पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुलगी चौदा ते सोळा वर्षांची होती. जबाब संपल्यावर बाकीच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवून घेण्यात आले. दिवे मालवले गेले, दार बंद झाले. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि भीतीपोटी मुकाट्याने सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा फरक स्पष्ट केला. सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात १९७८च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा आरोपींना निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या, त्या अर्थी तिने कडवा प्रतिकार केल्याचे सांगणे खोटे, आणि प्रतिकार नव्हता त्या अर्थी संमती, अशी ती तर्काची साखळी होती.

या साखळीतली प्रत्येक कडी तपासली पाहिजे. पहिली कडी: जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नव्हता. प्रतिकाराचा मोठा भाग खुणा सोडत नाही. नाही म्हणणे, हात ढकलणे, अंग आखडून घेणे, रडणे यांचे वळ उठत नाहीत. बलाची तफावत जिथे टोकाची असते, तिथे झटापट सुरू होण्याआधीच संपते. दुसरी कडी: प्रतिकार नव्हता म्हणून संमती होती. ही कडी शरीरशास्त्राने मुळातच तोडलेली आहे. भय कमाल, वाट बंद, शरीर दुसऱ्याच्या ताब्यात, या ज्या तीन गोष्टी ताठर निश्चलतेला कारण होतात, त्या तिन्ही बंद पोलीस ठाण्यात रात्री एकाच वेळी हजर होत्या. त्या रात्री त्या मुलीचे शरीर थिजले होते की नाही, हे आता कोणी सांगू शकत नाही. आपण ओरडलो असे तिने स्वतः सांगितले होते. मुद्दा असा, की न्यायालयाने तिच्यापुढे दोनच रस्ते ठेवले होते. प्रतिकार केला म्हणावे तर जखमा दाखव, केला नाही म्हणावे तर संमती मान्य कर. थिजलेल्या शरीराला तिसरा रस्ता नव्हताच. आपले शरीर हललेच नाही, हे खरे सांगणाऱ्या बाईचा खटला तिथेच बुडतो, हे दिसत असताना तिने ते कोणत्या भरवशावर सांगावे?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालावर सडकून टीका केली. मुंबईसह देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असे बाईने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद आली. भयाने शरण जाणे वेगळे आणि संमती वेगळी, हे पंजाब उच्च न्यायालयाने १९५०च्या दशकातच एका निकालात म्हटले होते. तो विचार वीस वर्षे उपलब्ध होता. देसाईगंजच्या मुलीच्या वाट्याला तो आला नाही, ही भारतीय न्यायव्यवस्थेच्या इतिहासातली लांच्छनास्पद गोष्ट आहे.

थिजण्याचे शास्त्र मान्य केले तर कोणीही उठून ‘मी थिजले होते’ म्हणेल आणि निरपराध माणूस तुरुंगात जाईल, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. एखाद्या विशिष्ट रात्री एखाद्या विशिष्ट शरीरात नेमके काय झाले, हे शास्त्र सांगू शकत नाही. रक्ताची किंवा मेंदूची अशी कोणतीही चाचणी नाही, की जी काही दिवसांनी केली असता ताठर निश्चलता येऊन गेल्याचे सिद्ध होईल. तसा दावा करणारा तज्ज्ञ शास्त्राशी आणि फिर्यादीशी दोघांशी अप्रामाणिक वागतो. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांना हवा तो नाही. निश्चलतेने बलात्कार सिद्ध होत नाही, हे खरे. त्याच न्यायाने निश्चलतेने संमतीही सिद्ध होत नाही. पुरावा म्हणून प्रतिकाराचा अभाव दोन्ही बाजूंना निकामी आहे. मग तपास जिथे जायला हवा तिथे जाईल: होकार कसा मिळाला, कोणी विचारला, नाही म्हणायची मोकळीक होती का, दार कोणी लावले, कोणाच्या हातात सत्ता होती, घटनेच्या आधी आणि नंतर दोघे काय बोलले, काय वागले. आरोपीच्या वर्तनाची चौकशी करावी लागेल. बाईच्या स्नायूंवर खटला चालवण्याची सवय लागलेल्या व्यवस्थेला ते जड जाते, पण निरपराध आरोपीलाही खरे संरक्षण अशाच तपासातून मिळते.

मुलींना स्वसंरक्षण शिकवा म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही, हे दुसरे म्हणणे शाळा-महाविद्यालयांच्या व्यासपीठांवरून नेहमी ऐकू येते. यातला अर्धा भाग खरा आहे. सराव उपयोगी पडतो. विमानात आणि बोटीत सुटकेचा रस्ता आधी पाहून ठेवणारे अधिक वाचतात, ते यामुळेच. कॅनडात चार्लीन सेन यांनी तीन विद्यापीठांतील विद्यार्थिनींसाठी धोका ओळखण्याचा आणि प्रतिकाराचा अभ्यासक्रम राबवला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात बलात्कार झालेल्यांचे प्रमाण तो अभ्यासक्रम केलेल्या गटात ५.२ टक्के आणि न केलेल्या गटात ९.८ टक्के होते. हा फरक मोठा आहे आणि असे शिक्षण जरूर द्यावे. पण शिकलेल्या गटातही दर शंभरांतील पाच मुलींवर अत्याचार झाला, हे त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. शिक्षणाने धोका कमी होतो, शरीराचा मूळ स्वभाव बदलत नाही. स्वसंरक्षणाचा वर्ग केलेली मुलगी थिजली तर ‘एवढे शिकून काय केलेस’ हा नवा ठपका तिच्या माथी मारला जाणार असेल, तर त्या वर्गाने तिचे भले केले असे म्हणता येणार नाही.

स्मृतीबाबतही भीतीच्या शारीरिक परिणामाचा दोष असाच बाईवर टाकला जातो. भयाच्या क्षणी लक्ष एका बिंदूवर गोळा होते. चाकू दिसतो, चाकू धरणाऱ्याचा सदरा दिसत नाही. मध्यवर्ती गोष्ट सहसा पक्की लक्षात राहते, कडेच्या गोष्टी आणि त्यांचा क्रम मात्र विसकटतो. उलटतपासणीत नेमके तेच विचारले जाते: आधी दिवा गेला की आधी दार लागले, किती मिनिटे झाली, खोलीत पंखा होता का. वेळेच्या अंदाजाचा तर अजिबात भरवसा नसतो. चेस स्टेटसन, डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून पाठीवर खाली जाळ्यात सोडण्यात आले. आपले पडणे इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के अधिक वेळ चालले, असे त्यांना वाटले. स्वखुशीने खाली पडणाऱ्याचा अंदाज एवढा चुकतो. तेव्हा मिनिटांच्या हिशेबात तफावत आली म्हणून बाई खोटी, हा निष्कर्ष काढणाऱ्याला भीतीचे शरीर माहीतच नाही.

कायदा या बाबतीत आता स्पष्ट आहे. २०१३च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५मध्ये लिहिले गेले, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून बाईची संमती होती असे मानता येणार नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३मध्येही ती तरतूद कायम आहे. स्वीडनने १ जुलै २०१८पासून बलात्काराच्या व्याख्येत स्वेच्छेचा सहभाग हाच निकष धरला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली लैंगिक अत्याचारपीडितांच्या वैद्यकीय तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही जखमा नसणे म्हणजे संमती नव्हे, हे नमूद आहे. कागद बदलले, माणसांच्या तोंडचे प्रश्न बदललेले नाहीत. ‘आरडाओरडा का नाही केला’ हा प्रश्न अजून पोलीस ठाण्यात विचारला जातो, अजून घरात विचारला जातो, आणि उत्तर देता न आलेली मुलगी पुढे बोलायचेच सोडून देते.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती इथे मोठी गोष्ट आहे. ‘अंगावर जखमा नाहीत’ एवढाच शेरा मारून अहवाल पुढे पाठवला, तर तो शेरा न्यायालयात पीडितेविरुद्ध वापरला जातो. भीती, धमकी, थिजलेले शरीर, तपासणीला झालेला उशीर यांपैकी कोणत्याही कारणाने जखमा नसू शकतात, हे त्याच कागदावर, त्याच सहीखाली लिहिले गेले पाहिजे. जबाब घेणाऱ्या पोलिसांनी ‘प्रतिकार का केला नाही’ हा प्रश्न विचारणे बंद करावे आणि ‘त्या वेळी तुमच्या शरीराला काय झाले’ असे विचारून जे उत्तर येईल ते शब्दशः उतरवून घ्यावे.